‘सगळ्याच गाड्यांना असं होतं’

एखाद्या दुचाकी कंपनीनं गाड्या परत मागवल्याची बातमी आली की दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं कौतुकाचं. कंपनीनं चूक कबूल केली, भाग फुकट बदलून देते आहे, आणखी काय हवं? दुसरं मालकांवर घसरणारं. आपल्या लोकांना गाडी वापरता येत नाही, सर्व्हिसिंग वेळेवर करत नाहीत, कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे इंजिन उघडतात आणि मग कंपनीच्या नावानं बोंबा मारतात. मौज अशी की बहुतेक वेळा ही दोन्ही मतं एकच माणूस मांडतो. कंपनीनं चूक कबूल केली असेल, तर त्याआधी तीच तक्रार घेऊन आलेला मालक खरं बोलत होता. मग त्याला गाडी वापरता येत नाही हे कशावरून ठरवलं, याचं उत्तर मात्र हा माणूस देत नाही.

कौतुकाच्या मतात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. मे २०२१ मध्ये रॉयल एनफील्डनं क्लासिक, बुलेट आणि मीटिअर मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. इग्निशन कॉइल सदोष होती. त्यामुळे इंजिन मिसिंग मारायचं, गाडीचा जोर कमी व्हायचा आणि क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकत होतं. गाड्या डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात बनलेल्या होत्या, म्हणजे दोष पाच-सहा महिन्यांत पकडला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या क्लासिक ३५० च्या सुमारे २६,३०० गाड्या पुन्हा बोलावल्या गेल्या. मागच्या ड्रम ब्रेकचा ताण स्विंगआर्मवरच्या ज्या ब्रॅकेटवर येतो, ती ब्रॅकेट पॅडल जोरात दाबलं की निकामी होऊ शकत होती. या गाड्या १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर २०२१ या तीन महिन्यांतल्या. इतक्या कमी वेळात दोष शोधून तो जाहीर केला, याबद्दल कंपनीला शाबासकी द्यायला माझी हरकत नाही.

पण मग हीच फूटपट्टी इतरांनाही लावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहानं रे झेडआर आणि फॅसिनो या १२५ सीसी हायब्रिड स्कूटर परत बोलावल्या, सुमारे तीन लाख. दोष ब्रेक लिव्हरच्या कामात होता. गाड्या बनल्या होत्या १ जानेवारी २०२२ ते ४ जानेवारी २०२४ या काळात. होंडाच्या सीबी ३५० गाड्यांमधल्या सदोष भागांचं रिकॉल जाहीर झालं डिसेंबर २०२३ मध्ये, आणि त्यातल्या गाड्या ऑक्टोबर २०२० पासूनच्या होत्या. सुझुकीनं जुलै २०२४ मध्ये ॲक्सेस, ॲव्हेनिस आणि बर्गमन मिळून सुमारे ३ लाख ८८ हजार स्कूटर परत मागवल्या. स्पार्क प्लगला वीज पोचवणाऱ्या हाय टेन्शन कॉर्डला चिरा पडायच्या, ती तुटायची, त्यातून गाडी बंद पडायची किंवा सुरूच व्हायची नाही. पाणी लागलं की सेन्सरही जाऊ शकत होते. या गाड्या २०२२ सालच्या. त्यातल्या पहिल्या गाड्यांनी दोन पावसाळे याच कॉर्डवर काढले आणि तिसरा सुरू झाल्यावर निरोप आला.

दोष शोधायला वेळ लागतो, हे मलाही मान्य आहे. रबराला चीर पडायला ऊन-पाऊस लागतो आणि प्रयोगशाळेत दोन वर्षांचं ऊन-पाऊस महिन्याभरात हुबेहूब उभं करता येत नाही. पण रस्त्यावर मात्र ते उभं राहतंच. भर पावसात खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रक असताना जिची गाडी बंद पडते, ती बाई दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला जातेच. तिच्यासारखे आणखी लोक सांगलीत, नांदेडला, मडगावात जात असतील. या सगळ्यांनी सांगितलेलं कुठं जातं, हा माझा प्रश्न आहे. रिकॉल कंपनीनं केलं यावर आपण टाळ्या वाजवतो. पण ते कधी करायचं, कोणत्या गाड्यांपुरतं करायचं आणि दोषाला दोष म्हणायचं की नाही, हे सगळंही कंपनीच ठरवते, याकडे लक्ष जात नाही.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काय घडतं, ते दुचाकी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तुम्ही सांगता, गाडी थंड असताना झटके मारते. सल्लागार म्हणतो, पेट्रोल कुठलं भरता? तुम्ही पंपाचं नाव सांगता. मग तो म्हणतो, अजून गाडी सेट व्हायचीय, दोन-तीन हजार किलोमीटर होऊ द्या. तुम्ही परत जाता, तेव्हा जॉबकार्डवर ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलं जातं. तिसऱ्यांदा गेलात की तो आवाज खाली आणून, आपलेपणानं सांगतो, ‘दादा, टेन्शन घेऊ नका, या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांना असं होतं.’

हे वाक्य समजूत घालण्यासाठी म्हटलं जातं आणि आपण ते तसंच घेऊन घरी येतो. वास्तविक ती कबुली असते. एकाच गाडीत बिघाड असेल तर तो वापराचा असू शकतो, नशिबाचा असू शकतो, खड्ड्याचा असू शकतो. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या रस्त्यांवर, वेगवेगळ्या पंपांचं पेट्रोल घालून चालवलेल्या सगळ्या गाड्यांत एकच बिघाड येत असेल, तर तो कारखान्यातून आलेला आहे. निर्मितीतला दोष म्हणतात तो यालाच. काउंटरवरच्या मुलाला हे कळत नाही असं नाही. त्याला ते लिहायची मुभा नसते. वॉरंटीचा दावा फेटाळला गेला की खर्च डीलरच्या अंगावर येतो, म्हणून जॉबकार्डवर तक्रारीचे शब्द जितके सौम्य तितकं त्याला बरं. अशा रीतीनं जो दोष सगळ्या मेकॅनिकना तोंडपाठ असतो, तो कागदावर कुठेच सापडत नाही.

आता ‘मालकाचीच चूक’ या मताकडे येतो. या मताची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिकेत झाली, तीही हार्ले-डेव्हिडसनसारख्या लाडक्या कंपनीच्या बाबतीत. २००८ ते २०११ या मॉडेल वर्षांच्या, एबीएस असलेल्या हार्लेंचे ब्रेक अचानक लागेनासे झाल्याच्या तक्रारी तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे आल्या. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. ते जुनं झालं की एबीएसच्या झडपांवर गंजासारखा थर बसतो आणि झडपा अडकतात. लिव्हर दाबली तर ती सरळ हँडलला टेकते आणि गाडी मात्र थांबत नाही. फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, असं मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं आणि बऱ्याच मालकांनी ते बदललेलं नव्हतं. म्हणजे आपल्याकडच्या टीकाकारांना हवी तशीच केस. नियम छापलेला होता आणि मालकांनी तो पाळला नव्हता.

तरीही जुलै २०१६ मध्ये चौकशी सुरू झाली. मालकानं देखभालीत हयगय केली असेल, पण त्याची शिक्षा कसलीही पूर्वसूचना न देता ब्रेक जाणं ही असू शकत नाही, हा साधा विचार त्यामागे होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे पावणेदोन लाख गाड्यांचं रिकॉल जाहीर झालं आणि फ्लुइड फुकट बदलून देण्यात आलं. यातला मला सर्वांत बोलका वाटलेला आकडा वेगळाच आहे. चौकशीच्या कक्षेत सुमारे ४ लाख ३० हजार मोटारसायकली होत्या आणि ती सुरू झाली तेव्हा हाताशी होत्या फक्त ४३ तक्रारी. दहा हजार गाड्यांमागे एक. तेवढ्यावर सरकारी यंत्रणा हलली, कारण त्या ४३ तक्रारी एकाच ठिकाणी पडत होत्या आणि कोणालाही वाचता येत होत्या.

आपल्याकडे कायदा नाही, असं नाही. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याखालचे नियम लागू झाले. केंद्र सरकार आता गाड्या परत मागवण्याचा आदेश देऊ शकतं. कंपनीला गाडी दुरुस्त करून द्यावी लागेल, बदलून द्यावी लागेल किंवा पूर्ण किंमत परत करावी लागेल, शिवाय दंडही आहे, दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. कंपनीनं आपणहून दोष कळवला तर हा दंड माफ. कागदावर हे सगळं चोख आहे.

अडचण आहे ती उंबरठ्याची. मालकांच्या तक्रारींवरून कारवाई व्हायची तर विक्रीच्या प्रमाणात ठरवून दिलेल्या संख्येनं तक्रारी यायला हव्यात. चाचणी संस्थेचा अहवाल किंवा इतर मार्गानं आलेली माहिती यांचीही दखल घेता येते, पण सामान्य मालकाच्या हातात फक्त तक्रारच आहे. लाखांनी खपणाऱ्या मॉडेलच्या बाबतीत ४३ तक्रारींनी तो उंबरठा ओलांडला जात नाही. बरं, मोजणीला उतरायचं तर आपल्यासारखे आणखी किती आहेत हे तरी कळायला हवं. तक्रार करणाऱ्याला शेजारच्या तालुक्यातली तशीच तक्रार दिसत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपलीच गाडी नाठाळ निघाली. मग तो ती ओएलएक्सवर विकून मोकळा होतो आणि दोष पुढच्या मालकाच्या दारात जाऊन उभा राहतो.

‘स्वेच्छेनं’ हा शब्द किती ताणायचा, तेही २०२२ च्या उन्हाळ्यात दिसलं. २६ मार्चला पुण्यात लोहगावला भर रस्त्यात एक ओला एस १ प्रो जळाली आणि त्या धुराचा व्हिडिओ देशभर फिरला. त्याच दिवशी तामिळनाडूत वेल्लोरला चार्जिंगला लावलेल्या ओकिनावा स्कूटरला आग लागून बाप आणि लेक धुरानं गुदमरून गेले. चार्जिंगमध्ये निष्काळजीपणा झाला, असं कंपनीचं म्हणणं होतं. मालकाचीच चूक, इथेही. तीन आठवड्यांनी त्याच कंपनीनं ३,२१५ गाड्या बॅटरी तपासणीसाठी बोलावल्या. २१ एप्रिलला नितीन गडकरींनी दंडाचा आणि सक्तीच्या रिकॉलचा इशारा दिला. त्या दोन-तीन दिवसांत प्युअर ईव्हीनं दोन हजार आणि ओलानं १,४४१ गाड्या ‘स्वतःहून’ परत मागवल्या. व्हिडिओ, मृत्यू आणि मंत्र्याची तंबी यांच्यानंतर जे होतं त्याला स्वेच्छा म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्यासाठी हार-तुरे नकोत.

त्याच वर्षी ओलाच्या पुढच्या फोर्कचे तुकडे झाल्याची छायाचित्रं फिरू लागली. मार्च २०२३ मध्ये कंपनीनं नवा, अधिक मजबूत फोर्क फुकट बसवून देऊ असं जाहीर केलं आणि त्याच दमात हेही सांगितलं की ग्राहकांची काळजी निराधार आहे आणि हे रिकॉल नव्हे, अपग्रेड आहे. काळजी निराधार असेल तर लोखंड बदलायचं कशासाठी? या शब्दांच्या खेळाला व्यावहारिक अर्थ आहे. रिकॉल म्हटलं की एकेका मालकाला गाठायची जबाबदारी येते. अपग्रेड म्हटलं की ज्याला हवं तो येईल.

याच कंपनीच्या बाबतीत ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कारणे दाखवा नोटीस काढली. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १०,६४४ तक्रारी आल्या होत्या. ९९.१ टक्के सोडवल्या, असं कंपनी म्हणाली. प्राधिकरणाचं तेवढ्यानं समाधान झालं नाही, पुढे चौकशी लागली. यातल्या अनेक तक्रारी सर्व्हिसच्या आणि डिलिव्हरीच्या दिरंगाईच्या होत्या, सुरक्षिततेच्या नव्हे, हे मान्य. पण तक्रारी एका जागी मोजल्या गेल्या, आकडा लोकांसमोर आला, म्हणून तर हालचाल झाली. सुट्या सुट्या दहा हजार मालकांना कोणी विचारलं असतं?

आणखी एक युक्तिवाद येतो, तो आकडेवारीचा. अपघात माणसांच्या बेफिकिरीनं होतात, यंत्रामुळे नाही, असं सरकारी अहवालच सांगतात म्हणे. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. दहापैकी सात मृत्यूंचं कारण अतिवेग असं नोंदलेलं आहे. आता ही नोंद कशी होते ते पाहा. चालक गेलेला असतो, गाडीचा चेंदामेंदा झालेला असतो, साक्षीदार म्हणतो जोरात आली आणि आदळली. धावत्या गाडीचं इंजिन क्षणभर बंद पडलं होतं का, ब्रेकची लिव्हर अडकली होती का, हे सांगणारा कोणी उरलेला नसतो. आरटीओचा निरीक्षक तपासतो, पण पाण्यानं क्षणभर दगाबाजी केलेला सेन्सर वाळल्यावर ठणठणीत असतो. बहुतेक अपघात माणसांच्या चुकांनीच होतात, हे खरंच असेल. म्हणून उरलेले मोजायचेच नाहीत का?

चाकण, वाळूज, आकुर्डी या भागांत ज्यांची पोटं दुचाकीच्या धंद्यावर आहेत, त्यांना हा सगळा सूर आवडणार नाही. उद्योगाला बदनाम करू नका, असं ते म्हणतील. पण रॉयल एनफील्डच्या २०२१ मधल्या त्या कॉइलच्या रिकॉलमध्ये भारताबरोबर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, थायलंड, इंडोनेशिया, फिलिपिन्स आणि मलेशिया होते. ऑस्ट्रेलियात अशा नोटिसा सरकारी संकेतस्थळावर सर्वांसाठी लावल्या जातात. म्हणून तिथे कोणी बुलेट घ्यायची थांबलं नाही. दोष उघड सांगण्यानं गिऱ्हाईक पळतं, ही भीती परदेशात खोटी ठरत असेल तर साताऱ्यात ती खरी कशी? आणि आपल्याच घामानं बनलेल्या गाडीवर आपलीच पोरं बसतात, हे चाकणच्या कामगाराला मी सांगायची गरज नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सिग्नल तोडला की ई-चलान दोन दिवसांत मोबाइलवर येतं, गाडी कोणत्या का गावची असेना. कारण ‘वाहन’ या सरकारी प्रणालीच्या नोंदीत आजचा मालक असतो. रिकॉलचा निरोप मात्र पुष्कळदा शोरूमच्या वहीतल्या पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो, मग गाडी तीन हात फिरलेली का असेना. जी नोंदवही दंड वसूल करायला चालते, तिच्यावरून ब्रेकचा इशारा का पाठवता येऊ नये? पीयूसी काढताना किंवा विमा नूतनीकरणाच्या वेळी चेसिस नंबर टाकलाच जातो. या गाडीचं रिकॉलचं काम बाकी आहे, एवढी एक ओळ तिथे उमटायला काय हरकत आहे? आणि सर्वांत आधी, तक्रारींची मॉडेलवार, भागवार यादी सरकारनं दर महिन्याला जाहीर करावी. नावं झाकून, हवं तर. परिवहन मंत्रालयाकडे माझी मागणी एवढीच आहे.

कोर्टं तरी ग्राहकाकडे आता वेगळ्या नजरेनं पाहू लागली आहेत. एअरबॅग न उघडलेल्या एका क्रेटाच्या खटल्यात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ह्युंदाईचं अपील फेटाळलं. टक्कर किती वेगाची आणि किती जोराची होती याचं गणित मांडायला ग्राहक भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, अशा अर्थाचं न्यायालयाचं म्हणणं होतं. मोटारगाडीच्या मालकाला जे लागू, ते दुचाकीवाल्यालाही लागू व्हायला हवं. ‘दोष कारखान्यातलाच आहे, हे तुम्ही सिद्ध करा’ म्हणून ज्याला वर्षानुवर्षं हेलपाटे घालायला लावलं, त्याच्या हाती आता हा निकाल आहे.

तेव्हा गाडीचा तोच बिघाड दुसऱ्यांदा आला की तो तुमच्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्या, ‘जनरल चेकअप’वर सही करू नका आणि प्रत जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा, म्हणजे ती मोजली तरी जाईल. त्याच मॉडेलचे चार मालक भेटले तर सारख्या हितसंबंधाच्या ग्राहकांना एकत्र तक्रार करायची सोय ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती दाखल करता येते, वकील लावायची सक्ती नाही आणि गाडीची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती सर्व्हिस सेंटरच्या खेपांमध्ये घालवू नका.